शालनआत्ती आणि गाठी बांधायचं मशीन

शालनआत्ती कुणाच्याही घरी गेली की आधी गोठ्यात शिरायची. माणसं मागाहून. गव्हाणीतली वैरण चिमटीत धरून वास घ्यायची, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मग सोप्यात येऊन त्या घराबद्दलचा निकाल सांगून टाकायची. "तुमची म्हस बरी हाय. तुम्ही तिच्या लायकीचं न्हाय." हे ती लेकीच्या होणाऱ्या सासरी, पहिल्या भेटीत, चहा यायच्या आधी म्हणाली होती. लग्न तरीही झालं. त्याचं श्रेय ती म्हशीला द्यायची.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती बिद्रीजवळच्या आमच्या गावात, आमच्या घराला लागूनच राहायची. सहा म्हशींच्या दुधावर तिनं लेकीला शिकवलं, उजवलं. त्या सहाजणी सोडल्या तर जगात तिला फारसं काही पसंत नव्हतं. डेअरीत दुधाचं फॅट मोजणारा नव्हता, देवळाचा नवा रंग नव्हता, आणि माझी नोकरी तर मुळीच नव्हती. मी शिरोलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. "दिवसभर दुसऱ्याचं सामान राखायचं," ती म्हणायची. "कुत्रं पण तेच करतंय. त्याला पेन लागत न्हाय, एवढंच."

ती नोकरी सोडून मी गावी आलो तो डोक्यात गवत घेऊन. उसाचं वाडं संपलं की उन्हाळ्यात आमच्याकडं वैरणीची ओरड होते, आणि गावामागच्या माळावरचं गवत मात्र निम्मं उभ्यानंच वाळून जातं. ते वेळेत कापायचं, वाळवायचं, दाबून गाठी बांधायच्या आणि उन्हाळ्यात विकायच्या, असा माझा बेत. ट्रॅक्टर घरचा होता. कापायचं यंत्र कागलकडं जुनं मिळालं. राहिलं बेलर, म्हणजे गवत गोळा करून, दाबून, दोरीनं बांधून मागं टाकणारं मशीन. नवं घ्यायची ऐपत नव्हती. मोबाइलवर पन्नास व्हिडिओ बघितले आणि पन्नास व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला जेवढं कळतं तेवढं मला कळायला लागलं.

हातकणंगल्याला जुन्या अवजारांचा एक व्यापारी होता. त्याच्याकडं निघालो तेव्हा आत्ती गाडीत येऊन बसली. तिला त्या बाजूला कुणाला तरी भेटायचं होतं म्हणे. व्यापाऱ्याच्या आवारात एक बेलर उभं होतं, लालभडक, नुकतं रंगवलेलं.

"पंजाबातनं आणलंय, पावणं," व्यापारी म्हणाला. "एकच हंगाम चाललंय. डोळं झाकून न्या."

मी रंगाकडं बघत होतो. आत्ती गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली आणि गवत उचलणारे पुढचे लोखंडी दाते बोटांनी चाचपू लागली. दाते झिजून निम्मे झाले होते.

"एका हंगामात एवढं झिजलं?" ती म्हणाली. "गवत खायाला घातलंतासा की खडी?"

व्यापारी हसला. "आज्जी, हे मशीन हाय. म्हस न्हवं."

"म्हस असती तर वय लपवलं नसतं तिनं," आत्ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर मी त्या व्यापाऱ्याला शिव्या घातल्या. रंग फासून भंगार विकणारी जात, अडाणी माणसाच्या घामावर जगणारी, असं बरंच काही. आत्ती खिडकीतून लोकांच्या म्हशी बघत होती.

तिला पुन्हा न्यायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं. आपल्याला कळत नाही हे माणसाला चालतं. ते आपल्या आत्तीला कळलेलं चालत नाही. महिनाभरानं एकटाच गेलो आणि एका शेतकऱ्याकडून दुसरं बेलर घेऊन आलो. दाते नवेकोरे होते. मी दातेच बघितले.

माळावर पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवसापासून दर तिसरी गाठ मशीनमधून बाहेर पडली की सुटायची आणि गवत पुन्हा जमिनीवर पसरायचं. दोरीची गाठ मारणारा भाग ज्या लोखंडी सांगाड्यावर बसतो, तोच तडकलेला होता आणि डाग देऊन चालवलेला होता. आत्ती डोक्यावर पदर घेऊन माळावर आली, बांधावर बसून तासभर बघत राहिली.

"कापायचं, गोळा करायचं, परत पसरायचं," ती म्हणाली. "वाऱ्याचं काम हाय ते. वारा डिझेल मागत न्हाय."

निम्मं गवत अवकाळीत भिजून काळं पडलं. मी तो सांगाडा पुन्हा वेल्डिंग करून घेतला, मशीन हिरव्या रंगानं रंगवलं आणि मोबाइलवर विकायला टाकलं. मनात काही टोचलं का? खरं सांगायचं तर नाही. फोटो चांगला आला, याचंच समाधान होतं.

निपाणीकडून एक माणूस बघायला आला. चाळिशीतला, हळू बोलणारा. सोबत त्याची बायको. दोघांनी चार म्हशी घेतल्या होत्या, मशीनवर गावातली वैरण बांधून द्यायचा विचार होता. आमच्या घरात त्या दिवशी कुणी नव्हतं म्हणून चहा आत्तीनं केला. ते दोघं तिला "अक्का" म्हणत होते. त्यानं विचारलं, "काय काम निघालंय का ह्याचं?"

"काही नाही," मी म्हणालो. "एकच हंगाम चालवलंय. बिनधास्त न्या."

आत्तीनं बशी खाली ठेवली.

"पावणं, गाठ मारायचा सांगाडा तडकलाय त्याचा. दोनदा डाग दिलाय. रंग परवा मारलाय, माझ्या दारात. ओला रंग माझ्या म्हशीनं चाटला म्हणून मी ह्याला बोललो बी."

आमच्याकडच्या बायका "आलो, गेलो, बोललो" असंच म्हणतात. ते "बोललो" अजून माझ्या कानात आहे. निपाणीकर माझ्याकडं बघत राहिला नाही. त्यानं मला तेवढंही महत्त्व दिलं नाही. उरलेला चहा संपवला, बायकोला खुणावलं. जाताना दोघं आत्तीच्या पाया पडली.

ते दोघं गेल्यावर मी म्हणालो, "आत्ती, तू माझी आहेस की त्यांची?"

"तुझी हाय. म्हणून तर बोललो."

"घरात बसवून अब्रू घेतलीस माझी."

ती कपबशा गोळा करत होती. "हातकणंगल्याच्या त्या गड्याला तू वाटभर शिव्या दिल्यास, संज्या. त्याच्यापेक्षा हलका निघालास की तू. त्यानं निदान आपल्या आत्तीला च्या करायला लावला न्हवता."

मग ती म्हशी सोडायला गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. राग कुणावर काढायचा ते कळेना.

तो सांगाडा पुढं मी नवा बसवला. बेलर आता नीट चालतं, दोन हंगाम गाठी विकल्या. आत्तीच्या गोठ्यातही त्याच गाठी जायच्या. गवत कसं आहे विचारलं तर म्हणायची, "खात्यात बिचाऱ्या. त्यास्नी कुठं सांगायला येतंय."

गेल्या उन्हाळ्यात आठ दिवसांच्या आजारपणात ती गेली. दहाव्याला घाटावरून परतल्यावर मंडळी आमच्या सोप्यात बसली, आणि रडून झाल्यावर जो तो आत्ती आपल्याला काय बोलली होती ते सांगायला लागला. डेअरीवाल्यानं त्याचं सांगितलं. जावयानं म्हशीचं सांगितलं. लोक डोळे पुसत हसत होते, आणि ज्याचा अपमान मोठा तो जास्त ताठ बसला होता.

कुणीतरी मला म्हणालं, "संजय, तुझं सांग की."

मी म्हणालो, "मला ती कधी काही बोलली नाही."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तिचा लाडका भाचा होतो.