सिरॅमिक कोटिंग करायचं की नाही, हे आमच्या विहिरीने ठरवलं

तीन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी दुपारी धाकटा दीर खारघरहून दिवेआगरला आला, तो माझ्या गाडीची अपॉइंटमेंट घेऊनच... मंगळवारी, पनवेलला, सिरॅमिक कोटिंगसाठी, म्हणजे रंगावर संरक्षक थर चढवायला. मला न विचारता.

गाडी माझी आहे. होमस्टेच्या कमाईतून दिवाळीत घेतलेली, गडद निळी, कागदावर माझं एकटीचं नाव. घेताना घरात एकालाही पटलं नव्हतं. समुद्राकाठी नवी गाडी, त्यात गडद रंग, म्हणजे हिचं डोकं फिरलंय असं एकमत होतं... आणि सगळ्यात जास्त विरोध नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

मी हट्टाने घेतली. आणि मार्चपासून बॉनेटवर पांढरे ठिपके यायला लागले.

शाम्पू झाला, वॅक्स झालं. ठिपके दोन दिवसांत पुन्हा हजर. रंग गेला असता तर 'तरी आम्ही सांगत होतो' हे वाक्य मला जन्मभर ऐकावं लागलं असतं, आणि पुढे घरातल्या कुठल्याच खरेदीत माझा शब्द चालला नसता. त्या ठिपक्यांनी माझी झोप उडवली होती.

"वहिनी, ही खारी हवा आहे. कोटिंगशिवाय इथे रंग टिकायचाच नाही," दीर म्हणाला. त्याची काळी गाडी कोटिंग केलेली. त्याने टपावर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं... थेंब घरंगळत खाली, गाडी कोरडी ठणठणीत.

खरं सांगते, मोह झाला. पण ठरवून दिलेली अपॉइंटमेंट डोक्यात गेली होती. म्हटलं, दोन दिवस दे, विचार करून सांगते. मग त्याने आपली गाडी मागे वाडीत माझ्या गाडीशेजारी लावली.

रविवारी सकाळी तो चहाचा कप घेऊन मागे गेला आणि तिथेच थांबला. त्याच्या काळ्या चकचकीत बॉनेटवर तेच पांढरे ठिपके... माझ्या गाडीवर होते अगदी तसेच.

त्याने बोटाने घासून पाहिलं. पनवेलला फोन लावला, रविवार असल्याने कुणी उचलला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण अजिबात वाटलं नाही.

मात्र डोकं चालू झालं. खाऱ्या हवेने डाग पडले असते तर सगळीकडे सारखा थर बसला असता. हे तर गोल होते, कडेला पांढरी रेघ असलेले, थेंब वाळल्यासारखे. पाऊस तर कित्येक महिन्यांत नाही. सकाळी गाडी ओली दिसायची, ती दवाने, असं मी इतके दिवस धरून चालले होते...

सोमवारी साडेपाचला उठले आणि हळूच मागे गेले.

नाना सुपारीला पाणी देत होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही वाडीचं शिंपणं ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. शेवटच्या ओळीचं झालं, तसा त्यांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला आणि धार वळवली गाड्यांकडे. टप, काचा, बॉनेट... अगदी निगुतीने. आधी माझी, मग दिराची.

"नाना, हे काय?"

"खारा वारा बसतो गो तिच्यावर. दिवाळीपासून रोज धुतोय मी."

मला एकदम हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. जी गाडी त्यांना नको होती, तिला ते सहा महिने कुणाला न सांगता अंघोळ घालत होते. पण उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ होते, चूळ भरली तरी खारट लागते. ते पाणी रोज अंगावर, आणि वर नऊ वाजताचं ऊन.

बोलून कुणाला पटलं नसतं. म्हणून स्टीलची दोन ताटं उन्हात ठेवली, एकात विहिरीचं पाणी शिंपडलं, दुसऱ्यात नळाचं. दुपारी नळाचं ताट जवळजवळ स्वच्छ, आणि विहिरीच्या ताटावर पांढरे गोल ठिपके. दिराने ते ताट उचलून आपल्या बॉनेटशेजारी धरून पाहिलं.

"म्हणजे तिला खरूज मीच लावली म्हणायची," नाना म्हणाले आणि आत निघून गेले.

पातळ व्हिनेगरने दोन्ही गाड्या साफ केल्या. कोटिंगची बाजूही सांगायला हवी... दिराची गाडी अर्ध्या तासात स्वच्छ झाली, माझ्या गाडीला संध्याकाळ झाली. म्हणजे कोटिंग अगदीच वाया जात नाही, साफसफाई सोपी होते. पण खारं पाणी वाळू दिलं तर तेही डाग अडवत नाही. आणि नळाचं पाणी न् मऊ फडकं एवढ्यावर भागत असेल, तर मला त्याची गरज नाही. अपॉइंटमेंट मी स्वतः फोन करून रद्द केली.

नाना मात्र दोन दिवस गाडीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी फडकं त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, सकाळी मला गेस्टचा नाश्ता असतो, गाडी पुसायची कुणी? त्यांनी ते खांद्यावर टाकलं.

आता तीन आठवडे होत आले, एकही ठिपका नाही.

काल पुण्याच्या एका गेस्टने त्यांना विचारलं, आजोबा, कोटिंग कुठे केलंत? त्यावर नानांनी त्याला विहीर, ताटं, ऊन सगळं सविस्तर समजावलं. शेवटी म्हणाले, "आमच्या सूनबाईने शोधून काढलं हो हे. आम्हा कुणाला कळलं नव्हतं."

मी आत पोहे परतत होते. गॅस बारीक केला आणि शब्द न् शब्द ऐकला... नाना, थँक्यू. हे तुम्ही माझ्या तोंडावर कधीच म्हणणार नाही, माहीत आहे मला. पण मी ऐकलंय.