दाराला आडवी खाट

जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की मावशी आपली लोखंडी खाट ओढत आणायच्या. फरशीवर तिचे पाय असे करकरायचे, की वरच्या मजल्यावर अभ्यासाला बसलेल्या मुली कानांवर हात ठेवायच्या. खाट थेट बाहेरच्या दाराला आडवी लागायची. दार नुसतं लोटलेलं. कडी नाही, कुलूप नाही. मग उशी थोपटत त्या रोजचं वाक्य म्हणायच्या, "कुलूप मीच हाय. कोण येतंय ते बघू."

तुमच्यापैकी कुणी मुलीला क्लाससाठी लातूरला ठेवलं असेल, तर हे वाचूनच तुम्ही तिला फोन लावाल. मुलींचं वसतिगृह आणि दाराला कुलूप नाही? तिथल्या वसतिगृहांच्या पाट्यांवर तर 'शुद्ध शाकाहारी' आणि 'रात्री कुलूप' या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात.

माझं काम असं, की मला उलट कुलूप दिसलं की धास्ती वाटते. परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका कार्यक्रमात मी नोकरी करतो. शहरांनी संकट झेलावं आणि पुन्हा उभं राहावं, यासाठी त्यांना तयार करायचं. नांदेडला गोदावरीचा पूर, लातूरला भूकंप. मी नांदेडचाच. भूकंप झाला तेव्हा कॉलेजात होतो. ट्रकमध्ये बसून आम्ही पोरं दगड उपसायला गेलो होतो. त्या दगडांखाली जे पाहिलं, त्याच्याच आधारावर पुढं मला नोकरी लागली, घर झालं, विमानानं परिषदांना जाऊन आलो. हे मला अजून पचलेलं नाही. असो, सांगायचं आहे ते हे वसतिगृह चालवणाऱ्या मावशींबद्दल.

आम्ही वसतिगृहांची पाहणी करत होतो. जिना किती रुंद, खिडक्यांना गज आहेत का, बाहेर पडायला वाट कुठून, असं सगळं. मावशींच्या दारात मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

"काय बघायलाव साहेब? दार हाय, दार."

"कुलूप दिसत नाही, मावशी."

"कुलूप तिजोरीला लावतेत. इथं पोरी हायेत."

"आणि बाहेरचं कुणी घुसलं तर?"

"माझ्या अंगावरून जावं लागंल. बघा जाऊन." एवढं बोलून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमच्यानं व्हायचं न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांचा 'भूकंपाचा साहेब' झालो. लातूरला गेलो की तिथंच जेवायचो. त्यांची आमटी जिभेवर जाळ करायची. कुणी पाण्याचा पेला उचलला की म्हणायच्या, "डॉक्टरीन व्हायचंय अन् मिरचीला भ्यायलीस?" त्या गोड होत्या असं मी म्हणणार नाही. ताटात पोळी टाकून उठणाऱ्या मुलीला चार जणींत झापायच्या. घरमालकाशी त्यांचं वर्षानुवर्षं पटलं नाही. आणखी एक खूळ होतं. सगळ्या चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला हवीत. एक चप्पल उलटी दिसली, तर मुलीला पुस्तकावरून उठवून खाली आणायच्या.

कार्यक्रमातर्फे आम्ही प्रत्येक वसतिगृहाला एक लाल पिशवी दिली होती. आत विजेरी, दोर, मलमपट्टीचं सामान आणि शिट्टी. पुढच्या खेपेला बघतो तर पिशवीत शेंगदाणे.

"मजबूत हाय बरं का पिशवी. उंदीर लागंना."

"आणि शिट्टी?"

"ती लई कामाची. वरडून वरडून घसा बसायचा माझा. आता जेवण झालं की शिट्टी."

मी हसलो आणि विसरून गेलो. मग परदेशातून आमच्या एक तज्ज्ञ बाई आल्या. भूकंपात बाहेर पडण्याचा सराव बघायचा होता. मावशींचं वसतिगृह मीच निवडलं. ठरल्याप्रमाणे मी शिट्टी वाजवली आणि वरून धडधड आवाज झाला. एकही मुलगी मागं राहिली नाही, एकही जिन्यात अडखळली नाही. बघता बघता सगळ्या अंगणात. आणि प्रत्येकीच्या हातात ताट.

बाईंनी विचारलं, ताटं कशासाठी? डोक्यावर धरायला, असं मी सांगून टाकलं. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी स्वतः फोटो काढला. मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काय सांगितलं ओ त्यान्ला? अन् आता या पोरींला वाढू काय? भात अजून चुलीवर हाय."

तो फोटो आमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आला. अजून आहे.

भूकंपाबद्दल त्या बरेच दिवस काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. विचारणं हा माझा धंदा असूनही. एका दुपारी मेथी निवडताना त्याच म्हणाल्या, "तवा पण तुमच्यासारखे लई आलते. कुणी घोंगडी दिली, कुणी फोटू काढला." मग काड्या मोडता मोडता गावाचं सांगू लागल्या. औशाच्या पलीकडचं त्यांचं गाव. गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. उकडतंय म्हणून या एकट्या अंगणात. घरात नवरा आणि मुलगी.

"भिताड पडलं, पण दार उभंच व्हतं," त्या म्हणाल्या. "आतनं पोरगी हाका मारायली. कडी निघंना तिला. मी भायेरनं ढकलायले, ती आतनं वढायली." हातातली काडी त्यांनी पानांत टाकली, पुन्हा उचलून बाजूला केली. "लई येळ हाका मारल्या तिनं."



आता ज्यामुळं सगळं मोडलं ते सांगतो. देवणीकडची एक मुलगी होती, हुशार. एका चाचणीत मार्क घसरले. भल्या पहाटे ती येऊन मावशींच्या खाटेच्या काठावर बसली आणि म्हणाली, "मला घरी जायचंय." मावशींनी तिला चहा पाजला, स्टँडवर नेलं, देवणीच्या गाडीत एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसवलं आणि परत येऊन कणीक मळायला घेतली. वडिलांना फोन केला नाही. नेमके तेच वडील त्या सकाळी घरचं तूप घेऊन मुलीला भेटायला लातूरला निघाले होते. ते आले तेव्हा मुलीची खोली रिकामी होती; मावशींनी गाडीत बसवल्याचं सांगितलं, पण घरी ती अजून पोचली नव्हती. मुलगी दुपारी घरी सुखरूप पोचली, पण तोवर त्या माणसानं लातूरच्या सगळ्या विहिरी मनातल्या मनात पाहून घेतल्या होत्या.

"फोन का नाही केला, मावशी?" मी नंतर विचारलं.

"घरीच चालली व्हती की. घरी येऊ का म्हून घरच्याला इचारायचं व्हय? पोरगी भायेर जायचं म्हणली. मी दार धरून बसू?"

इथं त्या चुकल्या होत्या. मी तसं म्हणालोही. त्यांनी माझ्यापुढं जेवणाचं ताट सरकवलं.

पुढच्या रविवारी पालक जमले. खाणावळीच्या खोलीत सतरंजीवर बसले, मला मुद्दाम बोलावलं. सगळ्यांचं एकच मागणं होतं. लोखंडी जाळीचं दार बसवा, रात्री कुलूप लावा, नाहीतर मुली काढून नेतो. सगळ्यांनी नेल्या तर मावशींचं वसतिगृह उरणार नव्हतं, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. देवणीचे ते वडील आवाज न चढवता बोलले. "मावशी, तुमच्यावर राग न्हाई माझा. तुमच्याइतका जीव कुणी लावत न्हाई. पण माझी झोप गेली. कुलूप लावा, किल्ली तुमच्यापाशीच ठेवा."

मी उठलो. आग, जिना, चेंगराचेंगरी, अंधारात न सापडणारी किल्ली. जे देशोदेशी बोलतो ते सगळं बोललो. देवणीच्या वडिलांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "साहेब, भूकंप आमच्या जन्मात एकदा आला. पोरीचा घोर रोज येतो."

मी खाली बसलो.  तो माणूस खोटं बोलत नव्हता.

सगळे मावशींकडं बघत होते. त्या पदरानं तोंड पुसत उठल्या. "तुमचं बी बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पण कुलूप लावणारी दुसरी बघा. पोरी आत अन् किल्ली माझ्या हातात, मला न्हाई जमायचं." आणि आत जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला.

मुली एकेक करून गेल्या. शेवटच्या दोघी परीक्षेपर्यंत हट्टानं थांबल्या. मग मावशी भांडी विकून, खाट टेम्पोत टाकून नायगावला भावाकडं गेल्या. नांदेडहून मी एकदा भेटायला गेलो. भावाच्या ओसरीत खाट दाराला आडवीच होती. भाऊ कुरकुरत होता, "पाव्हण्याला बी हिला वलांडून यावं लागतंय." मावशी म्हणाल्या, "या, भूकंपाचे साहेब. आलाव का अंगावरून?"

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला बरंच उशिरा कळलं.

कार्यक्रमाचा नवा टप्पा सुरू झाला, तशी लातूरची पाहणीही पुन्हा आली. यादीत ती इमारत होती; नाव नवं, पाटी नवी. मी लाल पिशवी घेऊन गेलो. दाराला जाळी, जाळीला कुलूप. संध्याकाळ नुकतीच होत होती. आतून एक मुलगी आली, हातात पुस्तक, बोट पानात तसंच.

"काका, किल्ली मालकांकडे असते. ते बाहेर गेलेत. काय काम होतं?"

पिशवी जाळीतून आत जाईना. मी ती उघडली, शिट्टी काढली आणि जाळीच्या गजांमधून तिच्या हातात दिली.

"हिचं काय करायचं?"

मी खाली बघितलं. ती उभी होती तिथं, फरशीवर गंजाचे चार डाग होते, खाटेच्या पायांचे. कुणीतरी घासून घासून ते पुसट केले होते, पण गेले नव्हते.

"जेवायला बोलवायला वाजवा," मी म्हणालो. "आणि वाजली की सगळ्यांनी खाली यायचं."

मुलीनं मान डोलावली. आत वळता वळता तिनं शिट्टी एकदा हळूच वाजवून पाहिली. वरच्या मजल्यावरून कुणी आलं नाही.