रजा न घेणाऱ्या साहेबांचं कौतुक

हे तुम्हाला सांगावं का नको, असं झालंय. पण दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर तिखटमीठ लावून ऐकाल. त्यापेक्षा मीच सांगते. चहा घ्या आधी, गार व्हायलाय.

मी पालमच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि परभणीच्या एका छोट्या पेपरात दर रविवारी काहीबाही लिहिते. एका शुक्रवारी संपादकांचा फोन आला. "मॅडम, गुन्ह्यांचे नमुने तपासणाऱ्या लॅबवरची ती मालिका सगळे बघायलेत. खरी घडलेली गोष्ट आहे म्हणे. तुम्ही विज्ञानवाल्या. उद्या दुपारपर्यंत परीक्षण पाठवा!"

मालिका सहा भागांची आणि माझ्याकडं वेळ एका भागाचा! गच्चीवर पापड वाळायलेत, शेजारी वह्यांचा गठ्ठा. म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा होते की! लावला पहिला भाग.

अहो, भारावूनच गेले मी! परदेशातली सरकारी लॅब. तिथले एक साहेब, पांढरा कोट, पांढरे केस. रक्ताचे नमुने तपासून कोर्टाला अहवाल द्यायचं काम. सबंध नोकरीत एका दिवसाची रजा नाही! कपाटाची किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही! डबासुद्धा कपाटाशेजारी बसून खायचे. भागाच्या शेवटी कसलंतरी भयाण संगीत वाजायला लागलं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले.

मग काय, लेख ठोकून दिला. 'असा माणूस लाभणं हे न्यायदेवतेचं भाग्य. ज्याची किल्ली स्वतःच्या खिशात, त्याचं काम चोख.' वर सल्लाही दिला: 'आपल्या मुलींनी या क्षेत्रात जावं आणि या साहेबांच्या पावलावर पाऊल ठेवावं.'

रविवारी सकाळी संपादकांचा फोन. हसू आवरेना त्यांना. "काय चिमटे काढलेत मॅडम! म्हणे पावलावर पाऊल ठेवा! उपरोध लिहावा तर असा!"

कसले चिमटे? कसला उपरोध? मला काही कळेना. पण कौतुक कुणाला नको असतं? "सुचलं आपलं," म्हटलं मी.

सोमवारी शाळेत मराठीच्या सरांनी गाठलं. "ते किल्लीचं वाक्य तर एकदम खास! शेवटपर्यंत वाचकाला कळूच दिलं नाही तुम्ही."

"काय कळू दिलं नाही?"

सर आणखीच हसायला लागले. "बघा, बघा! चेहरासुद्धा कसा भोळा ठेवायल्या!"

आता मात्र मला चैन पडेना. हे लोक हसायलेत तरी कशाला? त्या मालिकेत पुढं आहे तरी काय? घरी पळत आले, तर दारात लिंबाजीमामा उभे.

हे माझ्या दुर्गाचे वडील. दुर्गा माझी हुशार विद्यार्थिनी, यंदा बारावी झालेली. तिला संभाजीनगरला जाऊन नेमकं हेच लॅबचं शिक्षण घ्यायचं होतं. मामा मेंढरं राखणारे, बोलणं कमी. दोन महिने मी त्यांच्या मागं लागले होते आणि दोन महिने एकच उत्तर, "न्हाई."

आज हातात माझा लेख, नीट घडी घातलेला. "मॅडम, पोरीनं वाचून दावलं. लय सच्ची माणसं असतेत व्हय तिथं? मंग जाऊ द्या पोरीला. तिच्या मामानं स्थळ आणलं व्हतं, त्याला न्हाई म्हणून सांगितलं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लेखणीत ताकद असते म्हणतात, ती ही! मामा गेले आणि मी ऐटीत दुसरा भाग लावला.

दुसऱ्या भागात साहेब आजारी पडले! नव्यानं लागलेल्या एका पोरीनं कपाट उघडलं आणि आतून बदाबदा नमुने पडले. वर्षानुवर्षांचे! सील जसंच्या तसं! साहेबांनी एकही बाटली उघडली नव्हती. पोलीस ज्याचं नाव सांगतील, त्याच्याविरुद्ध अहवाल लिहून मोकळे. निरपराध माणसं तुरुंगात! आणि रजा का घेत नव्हते? कपाट दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून!

"अहो, इकडं या!" मी ह्यांना हाक मारली. सगळं सांगितलं.

हे शांतपणे म्हणाले, "त्यानं बाटली उघडली नाही, तू भाग उघडला नाहीस. दोघांचेही अहवाल वेळेवर पोहोचले."

पेपरवाले हसले तर हसू देत हो. पण लिंबाजीमामांनी ते खरं धरून स्थळ मोडलं होतं! खरं सांगावं तर पोरीचं शिक्षण बुडणार. गप्प बसावं तर मन खायलंय. दोन दिवस घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी, सांगूनच टाकू म्हणून चप्पल घातली, तर बापलेक दोघंही दारात.

"मॅडम," मामा म्हणाले, "ती मालिका बघितली आमी मोबाईलवर. मेंढरामागं हिंडत हिंडत. समदी."

मी सरळ हात जोडले. "मामा, चुकलं माझं. एकच भाग बघून लिहिलं मी. पण माझ्या चुकीपायी पोरीचं थांबवू नका हो!"

"थांबवू कशापायी?" मामांनाच नवल वाटलं. "ते कपाट उघडणारी पोरगी न्हाई का बघितली तुमी? समद्यांनी येड्यात काढलं तिला, पर तिनं एकेक बाटली तपासायला लावली. दुर्गीला म्हटलं, जा, आसं काम कर."

असा जीव भांड्यात पडला म्हणता! मामांनी पिशवीतून एक कागद काढला. प्रवेशाला शिक्षकांची शिफारस लागते, त्याचा फॉर्म. मी पेन काढलं. मामा जरा घुटमळले.

"मॅडम, राग मानू नका. पर आधी वाचा. मंग सही करा."

चष्मा लावला. नाव, गाव, गुण, जन्मतारीख, सगळं मोठ्यानं वाचलं. एका ठिकाणची वेलांटीसुद्धा दुरुस्त केली. "घ्या मामा, अक्षर न् अक्षर वाचलं!" म्हणून झोकात सही ठोकली.

मामा समाधानानं हसले. दुर्गा मात्र खाली बघून ओठ चावायली होती.

"काय गं?"

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "कागद उलटा ना. पाठीमागं बी हाय."