जीप खाली घेतली

माझं सगळं आयुष्य नवी पेठेतल्या दुकानात साड्यांच्या घड्या घालण्यात गेलं. गाडीतलं मला कळतं ते एवढंच, की डिझेल घातलं की ती चालते. या वयात तिचे शॉक अॅब्सॉर्बर निवडायची वेळ माझ्यावर येईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जीप मुलाची. कंपनीने दिलेली उंची त्याला पुरेना, म्हणून त्याने खालून काय काय बसवून, मोठी चाकं लावून ती वीतभर वर उचलून घेतली. त्या उंचीला साधे शॉक पुरत नाहीत, म्हणून मुद्दाम लांब शॉक आणले. रविवारी दोस्तांबरोबर दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून गाडी घालायची, हाच त्याचा छंद. मी टिंगल करायचो, "सोबत एक शिडी पण आणायची की." तो नुसता हसायचा. गेल्या वर्षी तो डेंगीने गेला. एवढ्या दऱ्याखोऱ्या पालथ्या घातल्या, तिथं साधं खरचटलं नाही, आणि घरात बसलेल्या धडधाकट पोराला डासानं नेलं. मला अजून राग येतो. कुणावर काढायचा तेच कळत नाही.

त्याच्या आईचे गुडघे कामातून गेलेत. तिचं माहेर सांगोल्याकडे, मेंढरं पाळणाऱ्यांचं. गावाजवळचा रस्ता म्हणजे नुसता खडक. मुलगाच तिला भावाकडे न्यायचा. आधी स्वतः ड्रायव्हरच्या बाजूने आत चढायचा, शेजारच्या सीटवर गुडघा टेकून वाकायचा आणि खाली हात द्यायचा. "आई, दे हात." ती एक हात वर करायची, ओरडत, हसत, त्याला शिव्या देत वर जायची. तो गेल्यावर माहेराचं नाव तिने काढलं नव्हतं. पण आता तिच्या भावाने अंथरूण धरलं होतं, तो रोज फोनवर तिची आठवण काढत होता. "मला एकदा तितं न्या," एवढंच ती म्हणाली.

जीप बाहेर काढली तर जरा खड्डा आला की डुलायला लागायची. सात रस्ता चौकाच्या पुढे एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने बंपरवर पाय देऊन ती दाबली; पाय काढला तरी ती वरखाली होतच राहिली.

"चारी शॉक गेलेत, काका. उंची ठेवायची तर लांबच लागतील, ते पुण्यावरनं मागवतो. न्हायतर उंची काढून टाकू. साधे शॉक हितंच मिळत्यात, आन काकूंना चढायला पण सोपं."

बिचारा सरळ बोलत होता. मीच खेकसलो. "उंची काढायची न्हाय! पोरानं केलीय ती." लांबच मागव म्हणून सांगितलं आणि जीप घेऊन, मोठा किल्ला जिंकल्यासारखा घरी आलो.

ती शेंगदाणे निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन मी चढू कशी?"

"मी देतो की हात. चल, आत्ता दाखवतो."

दोघं खाली जीपपाशी आलो. मी आत चढलो, सीटवर गुडघा टेकला, वाकून हात दिला आणि ओढलं. ती अर्धी वर आली. माझ्या कमरेतून कळ गेली, हात सुटला, आणि ती घसरत खाली जमिनीवर बसली. लागलं नव्हतं.

"तुमच्यानं न्हाय व्हायचं," ती म्हणाली. "तो व्हता म्हणून उंच गाडी चालत व्हती. घ्या ती खाली."

"त्यानं केलेलं मोडायचं?"

"भाऊ वाट बघतोय माझी," ती म्हणाली. "पोरगा न्हाय बघत."

मागे वळून त्याच्या ड्रायव्हरच्या सीटवर डोकं टेकून मी रडलो. पोराच्या तेराव्यालाही असा रडलो नव्हतो. ती खालूनच माझ्या पायावर हात ठेवून होती.

दुसऱ्या दिवशी जीप परत गॅरेजमध्ये नेली आणि मेकॅनिकला लांब शॉक नकोत म्हणून सांगितलं. मुलाने हौसेने बसवलेलं एकेक लोखंड त्याने सोडवलं, साधे शॉक बसवले, चाकंही साधी लावली. जीप खाली बसली तशी मला बघवेना, मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. काढलेलं लोखंड दुकानाच्या पिशवीत घालून घरी आणलं.

निघायच्या दिवशी तिने माहेरी न्यायला चटणी बांधून घेतली. मी ड्रायव्हरच्या जागी बसलो. तिने दार उघडलं. पायरी आता तिला सहज जमेल एवढी खाली होती, कुणाच्या हाताची गरज नव्हती. तरी ती थांबली आणि सवयीने तिचा हात वर गेला. मी माझा हात पुढे केला, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो हात तसाच रिकामा वर धरून ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने तो खाली घेतला, पदराला पुसला, आणि एकटीच चढून बसली.