कार्डावरची ओळ

रक्तपेढीतल्या घनश्यामभाऊंना बोलण्याचा भारी कंटाळा. माणूस वाईट नव्हे, कामाला तर वाघ. पण तोंड उघडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या घरात जन्म. बाप तळ्यात जाळं टाकायचा आणि तोंडातून शब्द निघाला की मासा पळतो, असं पोरांना दटावायचा. बाकीची भावंडं मोठी झाल्यावर तो धडा विसरली. यांनी तो नोकरीतही चालू ठेवला. बायको गिरजा म्हणायची, "याह्यच्यापेक्षा आमचा रेडिओ बरा. बंद पडला तर दोन थापा तरी मारता येते."

सत्तावीस वर्षं ते एकाच टेबलावर बसत आले होते. काम एकच: रुग्णाचं रक्त आणि दात्याचं रक्त जुळतं का, ते पाहायचं. लोकांना वाटतं, गट एक असला की झालं. तसं नसतं. तांबड्या पेशीच्या अंगावर गटाखेरीज कितीतरी बारीक खुणा असतात आणि त्या माणसागणिक वेगळ्या. एखाद-दुसरी बाटली घेणाऱ्याचं सहसा त्यावाचून अडत नाही. पण या भागात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार गावोगाव. त्या लेकरांना दर काही महिन्यांनी रक्त लागतं, दर वेळी नवा दाता, नव्या खुणा. कधीतरी अंग एखादी खूण परकी धरतं आणि तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं.

अँटीबॉडीचा आकार म्हणजे बेचकं असलेली काठी. वरच्या दोन टोकांची घडण अशी की ती एकाच खुणेवर नेमकी बसतात, दुसऱ्या कशावर नाही. खालचा दांडा मोकळा राहतो, आणि तो दिसला की शरीराची बाकीची फौज येऊन त्या पेशीचा फडशा पाडते. रोगजंतू आला तर हेच बेचकं जीव वाचवतं. त्याला काय ठाऊक, की या वेळची पेशी जीव वाचवायलाच आत सोडली आहे!

यातल्या काही अँटीबॉडी मोठ्या असतात, पाच-पाच बेचकी दांड्यांनी एकत्र जोडलेली. त्या पेशींना खेचून गोळा करतात आणि नळीत गुठळ्या दिसतात. त्यांचं भय नाही, त्या उघड भांडणाऱ्या. भय एकेकट्या बारक्यांचं. त्या पेशीवर चिकटून बसतात, पण हात आखूड, दोन पेशी काही ओढून जवळ आणता येत नाहीत. नळी स्वच्छ दिसते. म्हणून पहिल्या दोन साध्या पायऱ्यांनंतर जुळवणीची तिसरी पायरी: नळी अंगाच्या उष्णतेला ठेवायची, पेशी मिठाच्या पाण्यानं धुवायच्या आणि कूम्ब्ज नावाच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. ते औषध म्हणजे स्वतःच अँटीबॉडी, माणसाच्या अँटीबॉडीचे दांडे पकडणारी. दांड्याला दांडा बांधला गेला की लपलेली गुठळी वर येते. घाईत ही पायरी टाळणारे घनश्यामभाऊंनी पाहिले होते. त्यांनी स्वतः ती एकदाही टाळली नव्हती, आणि याचा त्यांना गर्व होता.

साक्षीच्या नळीतली गुठळी त्या तिसऱ्या पायरीवरच दिसली. पोरगी तेव्हा अठराची, सिकलसेलची, लहानपणापासून रक्त घेत आलेली. तिची आई मनकर्णा ढिवरांचीच, तळ्यावर आणि धानाच्या बांधीत राबणारी. त्या दिवशी तिनं आपल्या भावाला, डोमाला, गावाहून आणलं होतं. सिकलसेलवाल्यांना बाटलीच्या बदल्यात घरच्यांचं रक्त द्यावं लागत नाही, हे तिला सांगूनही पटत नसे. पोरीला मामाचंच रक्त द्यायचं, हा तिचा हट्ट.

"जुळत नाई," घनश्यामभाऊ म्हणाले.

"काऊन जी? सख्खा मामा हाय तिचा! मामाचं रक्त भाचीले जुळत नाई म्हंता?"

"नाई जुळत."

डोमाचा चेहरा उतरला. भरल्या वऱ्हांड्यात कुणी त्याचं कूळ काढावं, असं त्याला वाटलं असणार. घनश्यामभाऊंनी तिथं चार वाक्यं बोलायला हवी होती. मामा असला तरी खुणा वेगळ्या असतात, यात कुणाचा दोष नाही, एवढं तरी. पण खिडकीशी माणसं खोळंबली होती आणि बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांनी नमुना नागपूरला धाडला. उत्तर आलं: किड नावाच्या खुणेविरुद्ध अँटीबॉडी. मग साक्षीच्या पिवळ्या कार्डावर त्यांनी लाल शाईनं, इंग्रजीत, वळणदार अक्षरात ओळ लिहिली, खाली दुहेरी रेघ मारली आणि कार्ड मनकर्णाच्या हातात दिलं.

"बाई, हे सांभाळून ठेवा."

संपलं. एवढंच. ही अँटीबॉडी वर्षा-दोन वर्षांत कमी होत होत नळीतून दिसेनाशी होते, तिसऱ्या पायरीलाही सापडत नाही. पण शरीर ती खूण विसरत नाही, आणि तसलं रक्त पुन्हा आत गेलं तर आठवड्याभरात अँटीबॉडीचं पीक उभं करतं. म्हणून नळीपेक्षा कार्डाला जास्त मान, जिथं जाल तिथं आधी कार्ड दाखवा, म्हणजे ती खूण नसलेलंच रक्त मिळेल. हे सगळं त्यांना पाठ होतं. मनकर्णाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

तिला कळलं ते वेगळंच. कार्ड पुढं केलं की टेबलामागच्या माणसाचा चेहरा बदलतो. आधी तासाभरात मिळणारी बाटली आता नागपूरहून यायची. कधी तीन दिवस, कधी पाच. साक्षी बाकावर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडायची आणि आई त्या लाल ओळीकडं बघत बसायची. कोर्टानं मारलेला शिक्काच जणू. असलं कार्ड दाखवावंसं कुणाला वाटेल?

पुढं साक्षी मोहर्लीला एका रिसॉर्टमध्ये कामाला लागली. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. गोळ्या नेमानं घेई, वर्ष-दीड वर्ष रक्ताचं नावही काढावं लागलं नाही. पोरगी अंगानं भरली, हसू लागली. मग एका जानेवारीत ताप आला, हाडं ठणकायला लागली आणि हिमोग्लोबिन चारवर आलं. मालकानं तिला जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. मनकर्णा बस पकडून पोचली. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं.

"याआधी कधी रक्त चढवलं होतं?" नर्सनं विचारलं.

"नाई जी," मनकर्णा म्हणाली. "पयल्यांदाच." कार्ड तिनं पिशवीतून काढलंच नाही.

तिथल्या तंत्रज्ञानं तिन्ही पायऱ्या नीट केल्या. नळी स्वच्छ. त्याचा काही दोष नव्हता. नळीत दिसावं इतकं काही उरलंच नव्हतं. दोन बाटल्या चढल्या. दुसऱ्या दिवशी साक्षी उठून बसली आणि तिनं भातावर झिंग्यांचं कालवण मागून घेतलं. मनकर्णानं डोमाला फोन लावला. "जुळलं ना! एका तासात जुळलं! ते कारडच खराब होतं, तुले म्हनलं नवतं?"

सहाव्या दिवशी साक्षीची लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. पाठीतून, मांड्यांतून कळा. दवाखान्याला वाटलं, सिकलसेलचंच दुखणं उसळलंय. हिमोग्लोबिन घसरलं म्हणून आणखी एक बाटली लावली. आगीत तेल. अँटीबॉडीनं पाहुण्या पेशी फोडल्या, त्यांच्याबरोबर साक्षीच्या स्वतःच्याही गेल्या. रक्त घेण्याआधी होतं त्याहून कमी उरलं. आठव्या दिवशी दुपारी ती गेली. एकवीस वर्षांची.

दोन महिन्यांनी मनकर्णा घनश्यामभाऊंच्या खिडकीशी आली, सोबत धाकटी करिष्मा. तीही सिकलसेलची, चौदाची. तिच्या कार्डावरही मागच्या पावसाळ्यात तशीच लाल ओळ पडली होती. ती ओळही घनश्यामभाऊंनीच लिहिलेली, आणि तेव्हाही "सांभाळून ठेवा" याखेरीज ते काही बोलले नव्हते.

"मोठी कशी हाय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या मानानं एवढं म्हणजे गप्पाच.

मनकर्णानं सगळं सांगितलं. नर्सनं काय विचारलं, आपण काय म्हणालो, लघवीचा रंग, तिसरी बाटली. घनश्यामभाऊंना मधल्या कशाचीही फोड करून घ्यावी लागली नाही. सहावा दिवस ऐकला तेव्हाच त्यांना कळलं. हातातली नळी त्यांनी स्टँडमध्ये ठेवली.

"भाऊ, एक खरं सांगा," मनकर्णा म्हणाली. "मी ते कारड दाखोलं असतं, तं वाचली असती का पोट्टी?"

बाई उभ्या जागी वाळली होती. तिच्याकडं बघून कुणाही माणसाच्या तोंडून जे निघालं असतं, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"नाई, बाई. काई फरक नसता पडला. तिचं तेवढंच होतं."

मनकर्णानं मोठा श्वास सोडला. पदरानं तोंड पुसलं. दोन महिन्यांत प्रथमच तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, हे घनश्यामभाऊंनी पाहिलं, आणि आपण आयुष्यात एक तरी बरं वाक्य बोललो असं त्यांना वाटलं.

"म्हंजे कारडाचं काई नाई," ती म्हणाली. "मी उगाच जीव खाऊन राह्यली होती. मंग हिचं कारडई नाई दाखोत आता. नागपूरची वाट पाहात कायले बसवाचं लेकराले? त्या मोहर्लीकडच्या दवाखान्यातच घेऊन जातो, तिथी तासात जुळते." आणि तिनं करिष्माचा हात धरून तिला बाकावरून उठवलं.

घनश्यामभाऊ खुर्चीवरून उठले. दार उघडून पहिल्यांदाच खिडकीच्या या बाजूला आले आणि वाटेत उभे राहिले.

"बाई, थांबा. मी खोटं बोललो." ते म्हणाले. "कार्ड दाखवलं असतं तं साक्षी वाचली असती."

मनकर्णा रडली नाही. तिनं करिष्माचा हात सोडला.

"मंग मीच मारली तिले."

"नाई. मी सांगतलं नाई तुमाले. मले सगळं मालूम होतं, अन् सांगतलं नाई."

"तुमी सांगतलं नाई, मी दाखोलं नाई," ती म्हणाली. "अन् गेली कोन?"

वऱ्हांड्यातले लोक वळून पाहू लागले. मनकर्णानं करिष्माला पुढं ढकललं.

"आता हिले सांगा. मले नका सांगू, माह्यात कान राह्यले नाई. हिले सांगा."

घनश्यामभाऊंनी आतून स्टूल आणलं, करिष्माला बसवलं, तिच्यासमोर फरशीवर स्वतः बसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.