खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीला आमच्या घरी विळी, कात्री, शिलाई मशीन सगळ्यांना सुट्टी असते. बाबा गिरणीत लूम चालवायचे तेव्हाचा हा नियम. तिथे त्या दिवशी मशीन आधी थांबवायचं, पुसायचं, मग हार घालायचा. गिरणी गेली, आम्ही मुलुंडला राहायला आलो, नियम तेवढा सामानाबरोबर आला. हल्ली त्यात माझा कॉम्प्युटरही धरतात. मी त्याच्यावर लोकांच्या स्वयंपाकघरांची ड्रॉइंग्ज करते आणि आमचं स्वयंपाकघर त्यावर चालतं.

माझी अक्कल बघा. आज याला सुट्टीच आहे, तर रखडलेलं फर्मवेअर अपडेट उरकून घेऊ, असं मी ठरवलं. मदरबोर्डवर एक चिप असते. बटण दाबल्यावर जागं कसं व्हायचं, हे कॉम्प्युटरला तीच सांगते. अपडेटमध्ये ते सगळं पुसून नव्याने लिहितात आणि मध्येच वीज गेली तर वाट लागते. स्क्रीनवर ‘बंद करू नका’ अशी लाल इंग्रजी अक्षरं आली, पट्टी सरकायला लागली आणि मी निवांत अंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघते तर कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, समोर उदबत्ती. स्क्रीन काळा.

“बाबा, हा बंद कोणी केला?”

“मी केलंय. भिंतीवरचा बटन.” ते निरांजनात वात सारखी करत होते. “चालू मशीनीची पूजा करतत काय कधी?”

कोणावर चिडावं तेच मला कळेना. त्यांनी मशीन जसं थांबवायचं तसंच थांबवलं होतं. मी धावत जाऊन ते चालू केलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीनवर काही नाही. मेला म्हणावा तर पंखा गरगरतोय, जिवंत म्हणावा तर हूं नाही की चूं नाही.

“काय झाला गो?”

मी सांगितलं. जरा जास्तच जोरात सांगितलं. बाबांनी हातातलं निरांजन न लावताच खाली ठेवलं. “चालू होतलो मा परत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं.

मग मी मोबाइलवर वाचत सुटले. एक म्हणे बोर्डवरचा सेल काढा. काढला, परत बसवला, काही फरक नाही. दुसरा म्हणे बोर्ड फेकून द्या. तिसऱ्याने सांगितलं की काही बोर्डांना पाठीमागे एक छोटं बटण असतं. कंपनीची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, ठरावीक खाचेत लावायची, बटण दाबून धरायचं, की चिप पुन्हा लिहिली जाते. मी टॉर्च घेऊन पाठीमागे वाकले. बटण होतं. इतकी वर्षं ते कशासाठी आहे हा प्रश्नही मला पडला नव्हता.

फाइल घ्यायला खालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, तर त्याच्याही कॉम्प्युटरला हार. “ताई, आज मशीनला सुट्टी आहे ना,” तो म्हणाला. मी माझी कथा सांगितली. त्याने निमूट हार काढून बाजूला ठेवला, मशीनला नमस्कार केला आणि चालू केलं.

पेनड्राइव्ह लावून बटण दाबलं. बटणावरचा दिवा चार वेळा लुकलुकला आणि लागूनच राहिला. हे चांगलं की वाईट? मोबाइल म्हणाला, वाईट. नीट पाहिलं तर पेनड्राइव्ह शेजारच्याच खाचेत लावला होता. मी स्वतःला एक शिवी घातली, खाच बदलली, पुन्हा दाबलं. या वेळी दिवा लुकलुकतच राहिला.

बाबा भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी बटणावर तळहात ठेवला, कोणी चुकूनसुद्धा बंद करू नये म्हणून. आत आईला ओरडून सांगितलं, मिक्सर लावू नको.

“बाबा, बसा ना. ड्रॉइंग्ज सगळी डिस्कवर सुखरूप आहेत. फार तर नवा बोर्ड घेऊ.”

ते बसले नाहीत. जरा वेळाने दिव्याकडे बघतच म्हणाले, “संपाच्या आधी शेवटची पाळी माझी होती. लूम मीच बंद केलंय, ह्याच हातान. म्हटला, आठ दिवसांत येऊन चालू करू.”

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी पण दिव्याकडेच बघत राहिले.

दिवा विझला. झालं की गेलं? मी डब्याच्या समोरचं बटण दाबलं. पंखा फिरला, बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक बीप आली. स्क्रीन उजळला.

“बाबा, हात काढा आता.” त्यांनी काढला, पण लगेच नाही.

पूजा अर्धीच राहिली होती. मी कॉम्प्युटर रीतसर बंद केला. बाबांनी निरांजन लावलं, ओवाळलं. मग मी म्हटलं, “आता चालू तुम्ही करा.” त्यांनी हात धोतराला पुसले आणि बोट ठेवलं. स्क्रीन पूर्ण उजळेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

“आणखी एकदा,” ते म्हणाले, “बंद करून बघूया?”

मी खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली.