गाऱ्हाण्यात आलेलं नाव

आधीच सांगते, मी विज्ञानाची विद्यार्थिनी. देवाला हात जोडते, पण अंगात येणं, कौल वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरीही हे लिहितेय, कारण दोन वर्षं डोक्यातून जात नाहीये.

माझं घर कोकणातल्या जामसंड्याचं. आई काजूच्या कारखान्यात. बारावीच्या पुढे शिकलेली घरातली मी पहिली, आणि ते आईमुळे, शाळेतल्या बाईंमुळे. पीएचडीचा विषय खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या. आई हसायची, "तिसऱ्यांचो डॉक्टर? तिसऱ्यांक काय ताप येता गो?"

माझ्याच गाईडकडे सानिका होती. आई-वडील दोघं प्राध्यापक, इंग्रजी फाडफाड. तिचा पेपर पहिल्या फटक्यात स्वीकारला, माझा तिसऱ्यांदा परत आला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सानिकाकडून शिक जरा." त्या दिवसापासून मला ती बघवेना. घरी मी तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं... जिभेवर घ्यावंसंच वाटायचं नाही.

मे महिन्यात घरी आले ती रडतच. आईने दुसऱ्याच दिवशी दुपारी देवळात नेलं. गावाचे मानकरी गावकर तात्या गाऱ्हाणं घालायला, म्हणजे आमच्या वतीने देवाकडे मागणं मागायला उभे राहिले. सोबत शेजारची चार माणसं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा. ह्या सानिकाचा शिक्षाण अडाकला आसा, ता सुरळीत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

मी फक्त ओठ हलवले. आवाज काढला नाही. मुद्दाम.

आई पुढे झाली. "तात्यानू, सानिका कोण? आमच्या चेडवाचा नाव वैशाली!"

"गो, मी वैशालीच म्हटलंय. कानात कापूस घातलंस काय?"

पण शेजारच्या चौघांनीही सानिकाच ऐकलं होतं. वाटेत आईने विचारलं, "कोण गो ही?"

"लॅबमधली एक," मी म्हटलं. नारळ आमचा आणि मागणं तिचं... मला इतका राग आला की रात्री जेवले नाही.

सुट्टीनंतर लॅबमध्ये सानिका आपणहून बोलली. ती महिनोन्‌महिने झोपत नव्हती म्हणे. पीएचडी सोडते असा मेल सरांना लिहून बसली होती, पण पाठवायला बोटच उचलेना. मी तो दिवस विचारला. आमच्या गाऱ्हाण्याचाच, दुपारचा. मी तिला देवळातलं काहीच सांगितलं नाही.

ती आता डॉक्टर झाली. माझा प्रबंध अजून परीक्षकांकडे आहे, आणि खरं सांगते, मला अजूनही जळायला होतं.

तात्यांच्या तोंडी ते नाव कुठून आलं, मला माहीत नाही. योगायोग म्हणावं तर मन मानत नाही, देव म्हणावं तर शिक्षण आड येतं. मागच्या महिन्यात तिने प्रबंधाची प्रत दिली. ऋणनिर्देशात माझ्या नावापुढे लिहिलंय – 'जिने मनापासून माझं भलं चिंतलं.'